फ्यूज काढून बघणे

आमच्या खाला धाकट्यासाठी मुलगी बघत होत्या तेव्हाची गोष्ट. मुलीकडच्यांनी विचारले, मुलगा काय करतो? खालांनी रुबाबात सांगितले, "कंप्युटरच्या मोठ्या कंपनीत आहे." पुढचा प्रश्न आला, कंप्युटरवर काय करतो? खाला अडखळल्या आणि खरे तेच बोलून गेल्या, "कंप्युटरला हात लावत नाही. लाइट गेली तर जनरेटर बघतो." घरी येऊन त्या आमच्यावरच रागावल्या. दोन-दोन वर्षे आयटीआय करून, लायसन्स काढून शेवटी जनरेटरच बघायचा होता, तर गावच्या मंडपवाल्याकडे काय वाईट होते?

आम्ही दोघे सख्खे भाऊ. दोघेही वायरमन, आणि बरीच वर्षे नवी मुंबईत महापेच्या एकाच डेटा सेंटरमध्ये ठेकेदारातर्फे कामाला होतो. हा लेख दोघांनी मिळून लिहिला आहे. जिथे एकाचेच काम किंवा एकाचीच चूक आहे तिथे थोरला, धाकटा असे लिहू.

महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यात अशा इमारती पुष्कळ आहेत. बाहेरून गोदामासारख्या दिसतात, खिडक्या जवळजवळ नाहीत. आत रांगेने कपाटे आणि कपाटांत कंप्युटर. तुम्ही भाजीवाल्याला मोबाइलवरून वीस रुपये पाठवता, रेल्वेचे तिकीट काढता, हजचा फॉर्म भरता, तेव्हा त्याची नोंद अशाच कुठल्यातरी कपाटात होते. त्या कपाटांची वीज एका क्षणासाठीही जाता कामा नये, एवढेच आमचे काम. आणि राहायला आम्ही मुंब्र्यात. तिथे पावसाळ्यात लाइट गेली की शेजारी हसून म्हणायचे, "घरातली तर सांभाळा!"

लाइट गेल्यावर आत काय होते ते थोडक्यात सांगतो. बाहेरची वीज गेली त्याच क्षणी भार बॅटऱ्यांवर येतो. त्यासाठी यूपीएस असतो. तुमच्या घरच्या इन्व्हर्टरचाच हा मोठा भाऊ, फक्त हा एकदाही डोळा मिचकावत नाही. बॅटऱ्या साधारण दहा मिनिटे पुरतील अशा ठेवलेल्या असतात. तेवढ्यात डिझेलचे जनरेटर, ज्यांना आम्ही डीजी म्हणतो, दहा-पंधरा सेकंदांत आपोआप सुरू होऊन भार उचलतात. म्हणजे बॅटऱ्यांचे खरे काम त्या दहा-पंधरा सेकंदांचे. बाकीची मिनिटे डीजी पहिल्या झटक्याला सुरू झाला नाही तर माणसाला धावायला मिळावीत म्हणून. शिवाय प्रत्येक गोष्ट गरजेपेक्षा एक जास्त. पाच डीजी लागत असतील तर सहा. चांगल्या दर्जाच्या सेंटरबद्दल 99.982 टक्के असा आकडा सांगितला जातो. हिशेब केला तर वर्षाच्या 8,760 तासांत फक्त दीड तासाच्या आसपास सूट. आमच्या मुंब्र्यात एवढी सूट एका दुपारी संपते.

हे सगळे यंत्र छान मांडलेले असते. ते बंद पडते ते बहुधा फार क्षुल्लक कारणाने. डीजी सुरू न होण्याचे सगळ्यात नेहमीचे कारण इंजिनात नसते, ते इंजिनाला धक्का देणाऱ्या छोट्या बॅटरीत असते, ट्रकला असते तशाच. दीड हजार केव्हीएचे धूड, पूर्ण भारावर तासाला तीनशे लिटर डिझेल पिणारे, आणि ते अडते बॅटरीच्या गंजलेल्या टर्मिनलपाशी. पावसाळ्यात टाकीच्या आतल्या भिंतींना ओल धरते, पाणी तळाशी जमते, त्यात शेवाळासारखा गाळ धरतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी फिल्टर तुंबतो. म्हणून टाकीच्या तळाचा नळ सोडून पाणी काढून टाकायचे असते. हे काम कुणालाच आवडत नाही, कपड्यांना वास राहतो. डीजी दर आठवड्याला पाच मिनिटे नुसता घुरघुरवून बंद करणे हीसुद्धा फसवणूकच. भाराशिवाय चालवलेल्या इंजिनात डिझेल नीट जळत नाही, काजळी आणि तेल साचत जाते. त्याच्यावर खरा भार टाकूनच बघावे लागते.

बॅटऱ्यांचे दुखणे आणखी आतले. त्यांना 25 अंशांच्या आसपासची हवा मानवते. तापमान त्याहून आठ-दहा अंशांनी सतत जास्त राहिले तर आयुष्य निम्म्यावर येते. म्हणून बॅटरीच्या खोलीला एसी असतो, आणि आम्ही चहा प्यायचो त्या खोलीला पंखा. याबद्दल आमची तक्रार नाही. पण नवीन आलेल्या पोरांची असायची.

हे सगळे आम्ही पुस्तकातून शिकण्याआधी अब्बांकडून शिकलो होतो. आमचे गाव खेड तालुक्यात. अब्बा गावच्या मशिदीचा ॲम्प्लिफायर आणि त्याची बॅटरी सांभाळत. त्यासाठी पगार वगैरे काही नव्हता, आजही नाही. दर जुम्याला नमाजनंतर बॅटरीची सहा झाकणे उघडायची, डिस्टिल्ड पाणी घालायचे, काचेच्या नळीचा हायड्रोमीटर बुडवून आतल्या आम्लाची घनता बघायची. रमजानच्या आधी मात्र अब्बा एक जास्तीचे काम करत. भर दुपारी, लाइट चालू असताना, मशिदीचा मेन फ्यूज काढून हातात घेत आणि ॲम्प्लिफायर तासभर बॅटरीवर चालवून बघत. बॅटरी पूर्ण भरलेली दिसते आहे, तर फ्यूज का काढता, असे आम्ही विचारायचो. ते म्हणत, "दिसते भरलेली. भार टाकल्याशिवाय तिच्या पोटात काय आहे ते कळत नाही." जमातीतले एक बुजुर्ग थट्टेने म्हणत की, मियाँ, अल्लाहवर भरवसा ठेवा. अब्बा फ्यूज खिशात टाकत आणि उंट बांधण्याच्या हदीसची आठवण देत. तासाभराने फ्यूज परत जाई.

12 ऑक्टोबर 2020 वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल. सोमवार होता. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई, सगळीकडची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. कोरोनाचे दिवस, हॉस्पिटले भरलेली. बाहेरचे जाळे कोसळले तरी मुंबई शहर स्वतःला वेगळे करून आपल्या विजेवर तगून राहील अशी व्यवस्था पूर्वीपासून होती, तीही त्या दिवशी टिकली नाही. थोरला पहिल्या पाळीला होता. सायरन वाजला, यूपीएसने भार घेतला, डीजी एकामागून एक धडधडू लागले. अल्हम्दुलिल्लाह, एकाही कपाटाचा दिवा विझला नाही. मोठ्या साहेबांनी पेढे मागवले.

पण सहापैकी पाचच डीजी सुरू झाले होते. सहावा गप्प उभा होता. आठ दिवसांपूर्वी त्याची सर्व्हिसिंग झाली होती, त्या वेळी मेकॅनिकने सुरक्षेसाठी त्याचे बटण 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर फिरवले होते, आणि काम झाल्यावर परत फिरवायचे राहिले. तक्त्यात मात्र आठही दिवस 'ऑटो, ठीक' अशी खूण होती. तीन पाळ्या, आठ दिवस, चोवीस खुणा. त्यांतल्या काही आमच्याही होत्या. बटण डोळ्यांसमोरच होते, बोटभर लांबीचे. रोज बघून बघून दिसेनासे झाले होते. जास्तीचा डीजी होता म्हणून निभावले. त्या दिवशी आम्ही दोघांनी ठरवले की यापुढे न बघता खूण करायची नाही. दीड वर्षाने धाकट्याने तेच केले.

2022 चा रमजान एप्रिलमध्ये होता. धाकट्याची रात्रपाळी, दहा ते सहा. तरावीह उरकून धावत कामावर, दिवसा उन्हाच्या काहिलीत झोप नाही, आणि त्या रात्री बॅटऱ्यांची तिमाही मोजणी. चार बँका, प्रत्येक बँकेत चाळीस, एकूण 160 बॅटऱ्या. प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना मीटरच्या सुया लावायच्या, व्होल्टेज लिहायचे, मग आतला रोध लिहायचा. काही बॅटऱ्या गुडघ्यांवर बसून, काही खालच्या खणात मान वाकडी करून. नीट केले तर तीन तास जातात. दोन बँका त्याने नीट केल्या. अडीच वाजले. सेहरीचा डबा उघडायचा होता, त्याआधी चार रकअत तहज्जुद पढायची होती. उरलेल्या दोन बँकांसाठी त्याने मागच्या तिमाहीचा कागद समोर घेतला आणि शेवटचा आकडा थोडा इकडेतिकडे करून ऐंशी बॅटऱ्या भरून टाकल्या. वीस मिनिटांत काम झाले. मग त्याने तहज्जुद पढली. हे वाक्य लेखात ठेवावे असा आग्रह त्याचाच आहे.

सकाळी कागद कंप्युटरवर चढवायचे काम थोरल्याकडे आले. तोपर्यंत सुपरवायझरने कागदाचा फोटो ग्राहकाला पाठवूनही दिला होता. ग्राहक एक बँक होती, पैशांची. थोरला आकडे भरत चौथ्या बँकेतल्या नवव्या बॅटरीपाशी आला आणि थांबला. ती बॅटरी मार्चमध्ये त्याने स्वतः बदलली होती. नव्या कोऱ्या बॅटरीचा रोध जुनीपेक्षा कमी यायला हवा. कागदावर जुन्या, काढून टाकलेल्या बॅटरीचा आकडा होता, शेवटचे अक्षर तेवढे बदललेले.

त्या दिवशी घरी इफ्तारला आम्ही दोघे समोरासमोर बसलो. अम्मी भजी वाढत होत्या. थोरल्याने एवढेच विचारले, "नऊ नंबरला सुया लावल्या होत्यास?" धाकट्याच्या हातातला खजूर हातातच राहिला. अम्मींना वाटले काहीतरी पैशाचे आहे.

रात्री थोरल्याने शंका आहे असे सांगून पुन्हा मोजणीची परवानगी काढली आणि आम्ही दोघे मिळून 160 च्या 160 मोजल्या. तिसऱ्या बँकेतली एकतिसावी. व्होल्टेज साडेतेरा, शेजारणींइतकेच. यात काही नवल नाही. चार्जर सतत जोडलेला असतो तेव्हा मरणासन्न बॅटरीही चेहरा टवटवीत ठेवते. पण रोध? बाकीच्यांचा चार मिलीओहमच्या आसपास, हिचा नऊच्या वर. बँकेतल्या चाळीसही बॅटऱ्या एकामागे एक, साखळीच्या कड्यांसारख्या जोडलेल्या असतात. एक कडी तुटली की उरलेल्या एकोणचाळीस कितीही चांगल्या असोत, त्या बँकेतून वीज मिळत नाही.

सुपरवायझर माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "बॅटरी उद्याच बदलून टाकू. कागद तसाच राहू दे. तुझ्याच भावाचे भले आहे." दुरुस्ती तर होतच होती. मग कागदाचे काय एवढे? आम्हालाही क्षणभर ते पटले, खोटे कशाला बोला. धाकट्याला त्या वर्षी ठेकेदाराकडून काढून कंपनीत कायम करण्याचे चालले होते. पण ग्राहकाकडे असलेला कागद सांगत होता की चारही बँका ठणठणीत आहेत, आणि त्या कागदावर विसंबून ते पुढचे ठरवणार होते. एक बॅटरी अशी निघाली तर त्याच वयाच्या बाकीच्या किती, हे बघण्याचा त्यांचा हक्क आम्ही खिशात घालत होतो.

आम्ही अब्बांना फोन केला. त्यांना रोध, मिलीओहम काही सांगितले नाही. त्यांनी विचारले, "कागद कुणाकडे गेला आहे?"

"ग्राहकाकडे."

"त्याला माहीत आहे का, की तो खोटा आहे?"

"नाही."

"मग मला कशाला फोन करता?" आणि त्यांनी अम्मींच्या गुडघ्याची चौकशी सुरू केली.

साक्ष स्वतःच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध जात असली तरी खरीच द्यावी, हा सूरे निसामधला हुकूम आम्ही लहानपणी मदरशात शिकलो होतो. तेव्हा वाटायचे, हे कोर्टकचेरीपुरते आहे. बॅटऱ्यांच्या तक्त्यापर्यंत तो येऊन पोचेल असे कधी वाटले नव्हते. धाकट्याने स्वतःच ईमेल लिहिला. इंग्रजी बेताचे, थोरल्याने स्पेलिंग सुधारले आणि चार ठिकाणचे 'सॉरी' काढून एक ठेवले.

ग्राहकाची माणसे तिसऱ्या दिवशी आली. त्यांनी चारही बँकांवर खरा भार टाकून बघायला सांगितले, अब्बांच्या भाषेत फ्यूज काढायला सांगितला. तीन बँका दहा मिनिटे टिकल्या. तिसरी सत्तर सेकंदांत बसली.

आता इथे आम्हाला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की त्या रात्री लाइट गेली असती तर कदाचित काहीही झाले नसते. डीजी पंधरा सेकंदांत उठतो आणि सत्तर सेकंद त्याला पुरेसे आहेत. शिवाय इतर बँका होत्याच. धाकट्याला साइटवरून काढताना ठेकेदाराच्या माणसानेही हेच सुनावले, काही झाले नव्हते, कशाला उकरून काढलेस? पण डीजी पहिल्या झटक्याला उठतोच असे नाही. तो तीनदा प्रयत्न करतो, मधे थांबतो. आणि एखाद्याचे बटण मॅन्युअलवर राहिलेले असले, तर माणूस धावत जाऊन ते फिरवीपर्यंत सत्तर सेकंद केव्हाच संपतात. आमच्या साइटवर तर तो अंतर खूप आहे, मधे दोन दारे आणि एक जिना.

जगात मोठे अपघात अशाच साध्या साध्या गोष्टी एकत्र आल्याने झालेले आहेत. 27 मे 2017 रोजी ब्रिटिश एअरवेजचे कंप्युटर बंद पडले आणि सुमारे 75,000 प्रवासी अडकले. मूळ कंपनीच्या प्रमुखांनी नंतर सांगितले की डेटा सेंटरमध्ये एका इंजिनिअरने वीजपुरवठा तोडला होता, आणि खरे नुकसान ती वीज हवी तशी, क्रम न पाळता परत जोडल्याने झाले. म्हणजे वीज जाण्यापेक्षा ती येणे महागात पडले. आम्ही हे वाचले तेव्हा आम्हाला हसू आले नाही, पोटात गोळा आला. ब्रेकर टाकणारा हात शेवटी आमच्यासारख्याच कुणाचा तरी होता. म्हणून आता एक जण कागदावरची पायरी मोठ्याने वाचतो, दुसरा ती परत म्हणून दाखवतो, मग हात लावतो. नवीन पोरांना हे शाळेसारखे वाटते.

2012 मध्ये न्यूयॉर्कला सँडी वादळ आले तेव्हाची गोष्ट आम्हाला जास्त आवडते. तिथल्या एका इमारतीत डीजी सतराव्या मजल्यावर होता, पण डिझेल वर चढवणारे पंप तळघरात. तळघरात पाणी शिरले. मग कर्मचारी आणि ग्राहक कंपन्यांची माणसे रांग लावून बादल्यांनी डिझेल सतरा मजले जिन्याने चढवत राहिली. 26 जुलै 2005 पाहिलेल्या माणसाला तळघरात पंप ठेवण्याची कल्पना कशी सुचू शकते हे आम्हाला कळत नाही, पण महामुंबईत आजही मोटारी, पॅनेल, ट्रान्सफॉर्मर तळमजल्याच्या खाली ठेवणाऱ्या सोसायट्या आहेत. तुमच्या सोसायटीचे मीटर कुठे आहेत ते एकदा बघून या.

लिथियमच्या बॅटऱ्या आता सगळीकडे येत आहेत. वजनाने हलक्या आणि टिकाऊ, पण पेटल्या तर विझवणे अवघड. ऑक्टोबर 2022 मध्ये दक्षिण कोरियात एका डेटा सेंटरच्या बॅटरीखोलीत आग लागली आणि देशभर वापरले जाणारे काकाओटॉक बंद पडले. त्यांचे शिक्षण आम्ही सध्या घेत आहोत, त्याबद्दल अधिक लिहिण्याचा अधिकार अजून नाही.

धाकट्याला लहान साइटवर पाठवले गेले. पगार दोन हजारांनी कमी झाला, कायम होण्याची गोष्ट मागे पडली, आणि ती अजून मागेच आहे. त्याने हे मनाला लावून घेतले नाही असे लिहिले तर ते पुन्हा खोटे रीडिंग होईल. काही महिने आम्हा दोघांत नीट बोलणे नव्हते. नऊ नंबरकडे थोरल्याने बघितले नसते तर, असे त्याच्या मनात यायचे, आणि थोरल्याच्या मनातही यायचे.

खालांनी आणलेले ते स्थळ याच काळात पुढे सरकत होते. धाकट्याने मुलीच्या वडिलांना भेटून सगळे सांगितले, कागद कसा भरला, काय झाले, का हलवले. एसटीत मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी मधे न बोलता ऐकून घेतले आणि विचारले, "मग आता हातात किती येतात?" आकडा ऐकून त्यांनी घरात चहा सांगितला. निकाह पुढच्या वर्षी झाला.

बॅटऱ्यांच्या मोजणीचा तक्ता आता दोन्ही साइटवर बदलला आहे. प्रत्येक आकड्याबरोबर मीटरचा फोटो जोडावा लागतो. मोजणी तीन तासांऐवजी चार तास चालते आणि पोरे कुरकुरतात. रमजानमध्ये ही मोजणी आमच्या पाळीत आली तर एक सहकारी ती स्वतःकडे घेतो. दिवाळीच्या चारही रात्री त्याच्या बदली आम्ही असतो. गेल्या रमजानला मात्र त्याच्या घरी आजारपण होते आणि मोजणी धाकट्यालाच करावी लागली. रात्री साडेतीनला त्याने थोरल्याला एक फोटो पाठवला, खालच्या खणातल्या एकशे साठाव्या बॅटरीचा, मीटरवर 3.9. खाली लिहिले होते, सेहरीला दहा मिनिटे आहेत, अंडी संपली का?